धरून बसलेला ब्रेक

ब्रेक लागेनासा झाला की मोटारसायकलवाला त्याच दिवशी गॅरेज गाठतो. ब्रेक सुटेनासा झाला तर आठवडेच्या आठवडे निघून जातात. गाडी चालते, थांबतेही व्यवस्थित. फक्त थोडी जड वाटते, चढाला एक गिअर खाली टाकावा लागतो, महिनाअखेरीस पेट्रोलचा हिशेब जुळत नाही. मग दोष पंपावर जातो, प्लगवर जातो, कार्ब्युरेटरवर जातो, ‘गाडी आता जुनी झाली’ या वाक्यावर तर हमखास जातो. चाकाकडे लक्ष जाते ते ड्रममधून जळका वास येऊ लागला किंवा गाडी ढकलायला दोन माणसे लागू लागली म्हणजे. गॅरेजमध्ये याला ब्रेक जाम होणे किंवा ब्रेक धरून बसणे म्हणतात. या प्रकरणात मांडायचे आहे ते असे की, धरून बसलेला ब्रेक बहुतेक वेळा कशाने तरी जास्त दाबला गेलेला नसतो. त्याला परत आणणारी यंत्रणा मुळातच दुबळी असते आणि तिची वाट कुठेतरी अडलेली असते. हे ध्यानात घेतले की दोष शोधण्याचा क्रम बदलतो, आणि गॅरेजात सर्रास होणाऱ्या अनेक दुरुस्त्या मूळ दुखण्याला हातच लावत नाहीत हेही दिसू लागते.

हा विषय समजून घ्यायला घोडेगावसारखे ठिकाण सोयीचे आहे. नेवासा तालुक्यातले हे गाव नगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर, नगरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. शनिशिंगणापूरचा फाटा इथूनच फुटतो, कांद्याचा आणि जनावरांचा बाजार इथे भरतो, आणि सोनईचा मुळा साखर कारखाना जवळ असल्याने आजूबाजूला ऊस आहे. इथली दुचाकी तीन तऱ्हेच्या रस्त्यांतून जाते: सकाळी काळ्या मातीचा बांध, दुपारी महामार्गावर ताशी ६० चा सलग पल्ला, आणि शनी अमावास्येला शिंगणापूरच्या गर्दीत दर पंचवीस पावलांवर ब्रेक. काळी माती ओली असताना चाकाला लगडते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. पेडलच्या बुशात, केबलच्या तोंडाशी, कॅलिपरच्या फटीत ती जाऊन बसते. महामार्गावरचा सलग पल्ला तो दोष तापवून मोठा करतो. गंमत म्हणजे याच रस्त्याच्या नगरकडच्या टोकाला वाहनांच्या चाचण्या घेणारी, संरक्षण संशोधन खात्याची व्हीआरडीई ही संस्था आहे, किनेटिकची लुनाही नगरचीच, १९७२ पासूनची. दुसऱ्या टोकाला वाळूजला १९८५ मध्ये सुरू झालेला बजाजचा कारखाना आणि दुचाकींचे ब्रेक बनवणारी एन्ड्युरन्स आहे. ब्रेक बनवणारे आणि तपासणारे दोन्हीकडे. मधल्या गावांत तो चिखलाशी झुंजत असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. डिस्क ब्रेकचे उदाहरण घ्या. बोटांनी लिव्हरवर ५ किलोचा जोर दिला आणि लिव्हरच्या मापाने तो पाचपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर २५ किलो पडतात. त्या पिस्टनचा व्यास १२ मिलिमीटर आणि खाली कॅलिपरच्या पिस्टनचा ३० मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळांचे गुणोत्तर सव्वासहा भरते. बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो हा पास्कलचा नियम लावला की पॅडवर सुमारे १५६ किलोचा जोर येतो. पाच किलोंचे दीडशे! आता हात सोडा. त्या पिस्टनला परत ओढायला काय आहे? कॅलिपरच्या आत स्प्रिंग नाही. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी कडे असते; पिस्टन पुढे जाताना ते किंचित पिळले जाते आणि दाब गेला की आपल्या मूळ आकाराला येताना पिस्टनला सोबत मागे घेते. ही माघार मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी असते. ड्रम ब्रेकमध्ये हेच काम दोन लहान स्प्रिंगा करतात. ब्रेक लावायला माणसाचा गुणाकार होऊन आलेला जोर आहे, सोडवायला रबराचा पीळ किंवा तारेची स्प्रिंग. थोडा गंज, थोडी माती, थोडे सुकलेले ग्रीस लावण्याच्या जोराला जाणवतही नाही. सुटण्याच्या जोराला मात्र ते पुरून उरते. म्हणूनच धरून बसणारा ब्रेक लागताना अगदी छान लागतो, आणि म्हणूनच चालवणाऱ्याला संशय येत नाही.

थोडासा ब्रेक घासला तर असे काय बिघडते, हा पहिला आक्षेप. नवे पॅड घासतातच, असे मेस्त्रीही सांगतो, आणि त्यात तथ्य आहे. डिस्कला पॅड अगदी हलके टेकून असणे स्वाभाविक आहे. चाक हाताने फिरवल्यावर बारीक खसखस येते, पण चाक फिरत राहते. प्रश्न घासण्याच्या जोराचा आहे आणि तो मोजता येतो. समजा, टायरच्या कडेपाशी मोजल्यास ब्रेकची ओढ फक्त २ किलो, म्हणजे सुमारे २० न्यूटन आहे. ताशी ६० च्या वेगाने तासभर गाडी चालली तर या ओढीवर १२ लाख जूल ऊर्जा खर्च होते. तेवढ्यात २५ अंशांचे पावणेचार लिटर पाणी उकळीला येईल. शंभर सीसीच्या गाडीला त्या वेगाने वारा आणि टायर मिळून साधारण ११५ न्यूटनचा विरोध होतो असे धरले, तर २० न्यूटन म्हणजे सतरा टक्के जादा. साठचे अ‍ॅव्हरेज एक्कावन्नवर येते. पंपवाल्याने माप मारले, असे म्हणायला हा फरक पुरेसा आहे. वजनकाटे असलेल्या बाजाराच्या गावात तर मोजणीचे साधनही हाताशी असते. कांद्याची किंवा भाजीची पिशवी टांगून तोलायचा स्प्रिंगचा काटा टायरच्या नक्षीत अडकवायचा, चाक अधांतरी ठेवून काटा कडेच्या रेषेत सावकाश ओढायचा आणि चाक एकसारखे फिरत असताना आकडा वाचायचा. मागच्या चाकात चेनची ओढ मिसळलेली असते, म्हणून गिअर न्यूट्रलला ठेवून एकदा आहे तसा आणि एकदा ब्रेकचा नट पूर्ण ढिला करून आकडा घ्यावा. दोन्हींतला फरक ब्रेकचा. तो नट मोजणीनंतर होता तिथे आणायला विसरू नये, हे सांगायची गरज नसावी, पण सांगितलेले बरे.

हे मोजमाप आधी करायचे कारण असे की, जड फिरणारे प्रत्येक चाक ब्रेकमुळेच जड नसते. चेन जास्त ताणलेली असेल, बेअरिंग गेले असेल, मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये वाळलेला गाळ अडकला असेल तरी गाडी तशीच ओढल्यासारखी चालते. पावसाळ्यात या शेवटच्या कारणाने ब्रेक उघडले जातात आणि आत काहीच न सापडल्याने लायनर बदलून परत बसवले जातात. नट पूर्ण ढिला केल्यावरही चाकाचा आकडा तोच राहिला, तर ब्रेकच्या पेडलकडून येणारी ओढ नाही एवढे तरी नक्की होते. डिस्क असेल तर कॅलिपर दोन बोल्ट काढून बाजूला घ्यावा आणि चाक फिरवून पाहावे. ब्रेकची लिव्हर मात्र त्या वेळी कोणी दाबू नये, नाहीतर पिस्टन बाहेर येतो. रस्त्यावर दुसरी परीक्षा आहे ती उष्णतेची. मोकळ्या रस्त्याला तीन-चार किलोमीटर शक्य तितके ब्रेक न वापरता जावे, शेवटी गाडी इंजिनाच्या ओढीवर मंद करत थांबवावी आणि दोन्ही हबांजवळ हात नेऊन पाहावा. न वापरलेला ब्रेक तापायला कारण नाही. डिस्कला थेट बोट लावू नये. पाण्याचा एक थेंब टाकला आणि तो चर्र वाजून उडाला तर तिथे शंभर अंशांच्या वर मामला आहे.

इथल्या रस्त्यांवरच्या शंभर ते सव्वाशे सीसीच्या गाड्यांना निदान मागे तरी अजून बहुधा ड्रमच असतो, म्हणून त्याच्याकडे जास्त वेळ द्यायला हवा. ड्रमच्या आत लायनर चढवलेले दोन अर्धगोल शू एका टोकाला खिळीवर टेकलेले असतात, दुसऱ्या टोकांमध्ये कॅम असतो. पेडल दाबले की रॉड आर्मला ओढतो, कॅम फिरतो, शू फाकतात. पेडल सोडले की स्प्रिंगा त्यांना जवळ आणतात. यातला एक शू चाकाच्या फिरण्याबरोबर आपणहून ड्रमवर ओढला जातो. ब्रेक लावताना ही मदत होते, पण अर्धवट सुटलेल्या ब्रेकमध्ये हीच ओढ स्प्रिंगेच्या विरुद्ध जाते. दोष शोधायची सरळ रीत म्हणजे या यंत्रणेचे मध्यावर दोन भाग करणे. हबाजवळचा नट काढून रॉड आर्मपासून सोडवा. चाक तत्काळ मोकळे झाले तर दोष पुढे, पेडल, त्याची बुश, रॉड किंवा केबल यांत आहे. चाक तरीही जडच राहिले, किंवा आर्म हाताने पुढे केल्यावर आपणहून मागे येत नसला, तर (चेन, बेअरिंग आणि गाळ यांचा संशय फिटला असल्यास) दोष ड्रमच्या आत आहे. एवढ्या दोन मिनिटांच्या कामाने निम्मी यंत्रणा संशयातून मोकळी होते. गॅरेजात मात्र याच नटाला दोन फेरे ढिले करून गिऱ्हाइकाला रवाना केले जाते.

नट ढिला केल्याने चाक मोकळे होते, मग तो उपाय का नव्हे? अडकलेला कॅम जिथे अडकला तिथेच राहतो. ढिल्या नटामुळे पेडलचा मोकळा खेळ मात्र वाढतो, म्हणजे ऐनवेळी पाय आणखी खाली जावा लागतो. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत मागच्या पेडलला २० ते ३० मिलिमीटर खेळ सांगितलेला असतो, आणि तो थंड गाडीवर मोजायचा असतो. थंड असण्याला कारण आहे. १३० मिलिमीटरच्या लोखंडी ड्रमचे तापमान शंभर अंशांनी वाढले तर त्याचा व्यास सुमारे ०.१५ मिलिमीटरने वाढतो. घाटातून किंवा गर्दीतून आलेल्या तापलेल्या गाडीचा ब्रेक घट्ट करून दिला की संध्याकाळी अंगणात ड्रम आवळतो आणि सकाळी गाडी ढकलताना चाक धरलेले असते. त्यावर पुन्हा नट ढिला, पुन्हा घट्ट, असे हे चक्र चालू राहते.

पेडल-रॉडच्या बाजूने सापडणारे सर्वांत दुर्लक्षित कारण चेनशी निगडित आहे. चेन ताणण्यासाठी मागचे चाक मागे सरकवतात. ब्रेकचा आर्म चाकाबरोबर मागे जातो, पेडल जागच्या जागी राहते, रॉडची लांबी तीच. त्यामुळे ब्रेक आपोआप थोडा लागून बसतो. चेन ताणल्यावर ब्रेकचा खेळ पुन्हा मोजायचा असतो, पण चेनचे काम आणि ब्रेकचे काम वेगळे समजले जाते. पंक्चर काढल्यानंतरही हेच होते. घाईत एक्सलवरच्या बुशांची अदलाबदल झाली, किंवा ब्रेकप्लेट नीट मध्यावर न बसता एक्सल आवळला गेला, की एक शू एका बाजूला टेकून राहतो. यावर जुन्या मेस्त्र्यांची युक्ती अगदी शास्त्रशुद्ध आहे: पेडल दाबून धरायचे आणि मगच एक्सलचा नट आवळायचा, म्हणजे दोन्ही शू ड्रमला टेकून प्लेटला आपोआप मध्यावर आणतात. पंक्चर काढून आणल्यापासून गाडी जड झाली, असे गिऱ्हाईक म्हणत असेल तर ती तक्रार नुसती ऐकून सोडण्याची नाही. त्यात निदान जवळजवळ झालेलेच असते.

ड्रमच्या आत गुन्हेगार बहुधा कॅमच निघतो. त्याची दांडी ब्रेकप्लेटच्या छिद्रातून बाहेर येते, तिथे पाणी आणि बारीक माती जाते, मूळचे ग्रीस साबणासारखे होते आणि नंतर वाळते. दांडी काढून तिच्यावरचा गंज बारीक पॉलिश पेपरने उतरवायचा, छिद्र पुसायचे आणि तापमान सोसणारे ग्रीस नुसता हात फिरवल्याइतके लावायचे. भरपूर लावले तर गरम होऊन ते लायनरवर उतरते. स्प्रिंगा तपासताना त्यांचे वेटोळे एकमेकांना चिकटलेले आहेत का ते पाहावे. आराम अवस्थेत वेटोळ्यांत फट दिसली तर ती स्प्रिंग ताणली गेली आहे, आणि तिचे वय विचारायचे कारण उरत नाही. शू बदलताना जुन्याच स्प्रिंगा परत लावण्याची काटकसर मात्र अनाकलनीय आहे. ड्रममधली काळी पूड हवेच्या पाइपाने उडवू नये. लायनरच्या जुन्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, आणि ती पूड फुफ्फुसात जाण्याची वस्तू नाही. ओल्या फडक्याने पुसावी.

याहून धोक्याची एक रीत आहे. लायनर झिजत जाते तसा कॅम जास्त फिरवावा लागतो आणि नटाचे आटे संपतात. तेव्हा लायनर बदलण्याऐवजी आर्म काढून दात्यांवर एक घर पुढे बसवतात. ब्रेक पुन्हा लागू लागतो. ब्रेकप्लेटवर झीज दाखवणारा जो बाण असतो त्याचा अर्थ यामुळे नाहीसा होतो, हे एक. दुसरे म्हणजे कॅम इतका आडवा फिरू शकतो की त्याची कड शूच्या टोकाखाली उभी राहते आणि स्प्रिंगेला तो परत फिरवता येत नाही. ब्रेक सुटतच नाही. महामार्गावर चाक एकदम धरते ते अशा वेळी. घर सरकवणे हा पैसे वाचवण्याचा उपाय आहे असे म्हणणाऱ्याला उत्तर एवढेच की लायनर हा मुळातच झिजण्यासाठी बनवलेला भाग आहे. त्याचे आयुष्य वाढवण्यात कौशल्य नाही.

२०१९ पासून यात आणखी एक गुंता आला आहे. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि पुढच्या वर्षीपासून सर्वच नव्या दुचाकींना १२५ सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली दोन्ही चाकांचा जोडब्रेक, म्हणजे सीबीएस, सक्तीचा झाला. सीबीएसमध्ये मागचे पेडल दाबले की एक केबल पुढचा ब्रेकही थोडा ओढते. ती केबल वाळली, वाकली किंवा चुकीच्या मापाने ताणली गेली, तर पुढचे चाक धरते आणि त्याचे मूळ मागच्या पेडलपाशी असते. पुढचा ब्रेक तीनदा उघडूनही दोष सापडत नाही अशी गाडी आली तर ही केबल आधी सोडून पाहावी. हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण वळवताना ओढ बदलत असेल तर केबल कुठेतरी ताणली जात आहे हे उघड आहे.

डिस्क ब्रेकमध्ये निदानाचा धागा वेळेत सापडतो. सकाळी गाडी मोकळी निघते, पाच-सात किलोमीटरनंतर जड होऊ लागते, लिव्हर हाताला दगडासारखी घट्ट लागते, आणि टपरीवर चहा पिऊन होईपर्यंत पुन्हा सगळे ठीक. असे होत असेल तर पॅडकडे पाहण्याआधी मास्टर सिलिंडरकडे पाहावे. लिव्हर सुटल्यावर आतला पिस्टन पूर्ण मागे जातो तेव्हा एक अतिबारीक छिद्र उघडते आणि नळीतले ब्रेक ऑइल डबीशी जोडले जाते. उष्णतेने फुगलेल्या ऑइलला परत जायची हीच वाट. कचऱ्याने ती बुजली, किंवा चुकीची लिव्हर बसवल्याने अथवा लिव्हरच्या खिळीत माती बसल्याने पिस्टन अर्धा मिलिमीटर आतच राहिला, की फुगलेले ऑइल पॅडला दाबते, पॅड डिस्कला तापवतात, ऑइल आणखी फुगते. बाहेरून कोणी ब्रेक लावत नसतो. डबी काठोकाठ भरलेली असेल तरीही असेच होऊ शकते; पॅड झिजत गेले तशी पातळी उतरली म्हणून कोणी ऑइल घातलेले असते आणि नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलल्यावर ते सगळे वर चढते. याउलट गाडी थंड असतानाही चाक तितकेच जड असेल, तापल्याने फारसा फरक पडत नसेल, तर दोष खाली कॅलिपरमध्ये असण्याची शक्यता मोठी.

अंदाजाची खात्री करायला कॅलिपरवरचा हवा काढायचा निप्पल आहे. चाक धरलेले असतानाच कॅलिपरच्या निप्पलला पारदर्शक नळी लावून ती बाटलीत सोडावी आणि निप्पल पाव फेरा उघडावा. थोडे ऑइल उडून चाक सुटले तर दाब आत अडकला होता; मास्टर सिलिंडर किंवा रबरी पाइप दोषी. ऑइल आले न आले तरी चाक धरलेलेच राहिले, तर पिस्टन किंवा पिना अडकल्या आहेत. पुढच्या वेळी चाक धरेल तेव्हा हाच प्रयोग वरच्या टोकाला, मास्टरजवळचा पाइपाचा बोल्ट ढिला करून करावा. तिथे चाक सुटले तर मास्टर. वर सुटत नाही आणि खाली निप्पलला सुटते, तर मधला पाइप आतून फुगलेला किंवा फाटलेला आहे. असा पाइप हाताच्या जोराने ढकललेले ऑइल खाली जाऊ देतो, पण परतीच्या दुबळ्या दाबाला झडपेसारखा अडवतो. तापलेले ऑइल भाजते, रंग उडवते आणि डोळ्यात गेले तर इजा करते, म्हणून चष्मा आणि पाणी जवळ असावे.

कॅलिपर उघडल्यावर पिस्टन काढून पुसणे आणि नवे किट टाकणे, इथे बहुतेक दुरुस्त्या संपतात आणि दोन महिन्यांनी तीच गाडी परत येते. कारण गंज पिस्टनवर दिसतो तितका रबरी कड्याच्या खाचेत असतो. ग्लायकॉलवर आधारलेले ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. ती ओल अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत पांढरट, टणक थर बसवते. हा थर कड्याला मागून पिस्टनवर ढकलतो. नवे कडे टाकले तरी त्याला पिळायला जागाच नसते. ते पिस्टनला मागे घेण्याऐवजी आवळून धरते. खाच लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने कोरून कोरी करणे हे खरे काम आहे, आणि गॅरेजला त्याचे पैसे मागता येत नाहीत कारण ते दिसत नाही. सरकत्या कॅलिपरच्या दोन पिनांचेही तेच. त्या सुकल्या की पिस्टनकडचा पॅड ब्रेक लावतो, पण कॅलिपर मागे सरकत नाही. दोन पॅडांची झीज वेगवेगळी दिसली की पिनांचा संशय घ्यावा. तिथे सिलिकॉनचे ग्रीस लागते, बेअरिंगचे नव्हे.

यावर मेस्त्र्यांचा आक्षेप ठरलेला असतो: आम्ही वर्षानुवर्षे सगळे भाग पेट्रोलने किंवा डिझेलने धुतो, काही होत नाही. धातूच्या भागांपुरते ते खरे आहे. पण ब्रेकमधली रबरे ग्लायकॉल सोसणाऱ्या जातीची असतात, आणि हे रबर पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधे ग्रीस यांत फुगते. फुगणे लगेच दिसत नाही. गाडी गॅरेजातून नीट जाते, आणि आठवड्यांनी मास्टरची रबरी वाटी जाडावून ते बारीक छिद्र झाकू लागते. तोवर धुण्याचा आणि जाम होण्याचा संबंध कोणाच्या लक्षात राहत नाही. रबरे ताज्या ब्रेक ऑइलनेच पुसावीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एवढे शोधत बसण्यापेक्षा मास्टरचे आणि कॅलिपरचे दोन्ही किट टाकून मोकळे व्हावे, वेळ वाचतो. गाडी पाच-सहा वर्षांची असेल आणि काहीही उघडलेले नसेल तर हे मान्य करायला हवे, कारण रबर तसेही कडक झालेले असते. पण किटमध्ये पाइप येत नाही, कोरलेली खाच येत नाही, लिव्हरचा हरवलेला खेळ येत नाही, सीबीएसची केबल येत नाही. किट टाकण्याआधी निप्पल उघडून पाहायला एक मिनिट लागतो. तो वाचवून दोन तास घालवण्यात वेळेची बचत कसली?

काही जण म्हणतात की दोष चालवणाऱ्याचा आहे, लोक पेडलवर पाय ठेवूनच चालवतात. तशी सवय असलेले खूप आहेत. पण अशा गाडीचे चाक स्टँडवर मोकळे फिरते. काट्यावर आकडा येत नाही. म्हणजे मोजणी चालवणाऱ्यालाही न्याय देते. सरकारी तपासणीवर विसंबून राहता येत नाही, कारण खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तोवर ब्रेक कोणी अधिकृतपणे पाहत नाही. पीयूसीत धूर मोजतात, चाक नव्हे. आणि हा दोष नुसता पेट्रोलचा नाही. डॉट ४ प्रतीचे कोरे ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषलेले ऑइल १५५ अंशांनाही उकळू शकते. धरून बसलेला ब्रेक ते तापमान गाठून देतो. ऑइलात वाफेचे बुडबुडे झाले की लिव्हर थेट ग्रिपला टेकते आणि ब्रेक लागतच नाही. म्हणून ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचे.

रस्त्यातच चाक धरले तर घाई करू नये. पाणी ओतून लालबुंद डिस्क थंड करू नये, ती वाकू शकते. गाडी सावलीत अर्धा तास उभी करावी. दाब अडकला असेल तर चाक आपोआप सुटते, आणि तेच निदान. तरीही नाही सुटले तर निप्पल किंचित उघडून बंद करावा, पण त्या ब्रेकवर नंतर भरवसा ठेवू नये. एअर काढेपर्यंत तो नसल्यासारखाच. मागच्या ब्रेकवर सावकाश, रस्त्याच्या कडेने जवळचे गॅरेज गाठावे. एबीएसच्या गाडीत आतल्या मॉड्युलेटरमधली हवा काढायला काही मॉडेलना कंपनीचे यंत्र लागते, तेव्हा तिथे पाइप सोडण्याआधी विचारून घ्यावे.

दुरुस्ती झाल्यावर बिल देण्याआधी एकच गोष्ट करायची. काटा लावून थंड चाकाचा आकडा घ्यायचा, दहा किलोमीटर फिरून यायचे, दोन-चारदा कडक ब्रेक मारायचे, आणि लगेच पुन्हा आकडा घ्यायचा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर परतीची वाट उघडली आहे. डिस्कच्या चाकाचा दुसरा आकडा मोठा आला तर मेस्त्रीला मास्टर सिलिंडर पुन्हा उघडायला सांगायचे.